गादीवाल्याची झोप

गादीवाले काकांच्या दुकानात एक नियम होता. पाठ टेकल्याशिवाय गादी विकायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चपला काढायच्या, आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, एकदा या कुशीवर, एकदा त्या, आणि मगच भावाचं बोलायचं. "गादी ही डोळ्यांनी बघायची वस्तू नाही," काका सांगायचे, "पाठीनं बघायची."

दुसरा नियम त्यांचा स्वतःपुरता होता. शिवून झालेली गादी पोचवण्याआधी ते स्वतः तिच्यावर पडून बघायचे. कुठे कापसाची गाठ राहिली, कुठे भरण कमी पडलं, कुठे टाका ओढला गेला, हे त्यांच्या पाठीला बरोबर कळायचं. लग्न होऊन आल्यापासून काकू हे बघत होत्या आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांना त्याचं कौतुकच वाटायचं.

आता मात्र याच नियमाचा त्यांच्या डोक्याला ताप झाला होता. कारण माणूस गादी तपासायला आडवा व्हायचा तो उठायचाच नाही.

भर दुपारी, दुकानाच्या काचेतून अख्ख्या रस्त्याला दिसेल असे, हातात वाकडी सुई तशीच, तोंड उघडं, पोट वर, असे ते घोरत पडायचे. एकदा एक बाई आपली गादी न्यायला आल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"काकू, ही आमचीच गादी ना?"

"तुमचीच."

"मग हे..."

"तपासणी चाललीय," शिलाई मशीनवरून मान वर न करता काकू म्हणाल्या. "गादी पास झाली. माणूस उठला की घेऊन जा."

बाई खुदकन हसल्या. काकूंना हसू येत नव्हतं, कारण त्यांचे कान दुसरीकडे होते. काकांचं घोरणं चढत चढत जायचं, दुकानाचं शटर ओढावं तसं, आणि मध्येच तुटायचं. एकदम चिडीचूप. छाती धडपडायची, पण नाकातून वारा म्हणून जायचा नाही. काकूंचा पाय मशीनच्या पायटीवर थांबायचा, स्वतःचा श्वासही थांबायचा. मनातल्या मनात देवाचं नाव. आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा हुंदका देऊन काका पुन्हा घोरायला लागायचे, आणि मशीन पुन्हा चालू व्हायचं.

हे दुपारी. रात्री काय व्हायचं ते काकूंच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना विचारावं. कोपरानं ढोसायचं, कूस बदलायला लावायची, पुन्हा कान लावून पडायचं.

काकूंचे सासरे असेच गेले होते. जेवून आडवे झाले ते झालेच. "झोपेत गेला, भाग्यवान माणूस," असं सगळे म्हणाले होते. नव्या सुनेनं काही बोलायचं नसतं म्हणून काकू गप्प राहिल्या, पण म्हाताऱ्याचं ते घोरणं आणि ते तुटणं भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलेलं होतं. सासरे तेव्हा ज्या वयाचे होते, ते वय आता काकांना फार लांब नव्हतं.

काकांना सांगून काही उपयोग नव्हता. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण त्यांच्या मते एकच, गादी.

"घोरतो म्हणजे? गादी बसलीय आपली. पाठ खचते, मान वाकडी होते, मग आवाज येणारच."

असं म्हणून त्यांनी घरची गादी उसवून नव्यानं भरली. फरक नाही. मग खाली काथ्याची घातली. मग वर फोम. मग फोम गरम होतो म्हणून त्यावर पातळ कापसाची. होता होता पलंग एवढा उंच झाला की काकूंना चढायला स्टूल लागायला लागलं.

"अहो, झोपेत नाही, तुम्ही यावरून पडून जाणार एक दिवस," काकू म्हणाल्या.

"तुला गादीतलं काही कळत नाही."

तीस वर्षं खोळी शिवतेय, कडेनं गोठ मारतेय, आणि मला गादीतलं कळत नाही! काकूंनी स्टूल पायानं पलंगाखाली ढकललं आणि तोंड भिंतीकडे केलं.

बरं, नुसतं घोरणं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण माणूसच बदलला होता. पूर्वी डबल गादी खांद्यावर टाकून दोन जिने चढणारे काका आता जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून उभे राहायचे. पोट सुटलं. सकाळी उठायचे ते दमलेलेच. गिऱ्हाइकावर खेकसायचे, दोरा तुटला तर दोऱ्यावर खेकसायचे. आणि नवराबायकोतलं जे चारचौघांत बोलायचं नसतं, तेही थंडावलं होतं. काकूंना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. काकांना वाटत होतं. पण ते बायकोशी कसं बोलणार? त्यापेक्षा परक्याशी बोलणं सोपं.

परका म्हणजे पैलवान. पैलवान हा कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेचा मालक. कुस्ती त्यानं कधी खेळली होती की नाही देव जाणे, पण दंडांवरून नाव पडलं होतं. व्यायामशाळेतल्या बाकांच्या गाद्या काकाच शिवायचे, म्हणून जाणं-येणं. तिथे काय बोलणं झालं ते काकूंना पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की काका एकदम खुशीत आले. आणि त्यांच्या खांद्याचं मलम बदललं.

खांद्याचं मलम हा घरातला जुना रिवाज. जाड गादीतून सुई ओढून ओढून काकांचा उजवा खांदा धरायचा. सकाळी अंघोळ झाली की ते बनियन घालण्याआधी पाठमोरे बसायचे आणि काकू निळ्या बरणीतलं मलम दोन्ही खांद्यांवर, दंडांवर चोळायच्या. त्या मलमाच्या वासानं सगळं घर भरून जायचं. एक दिवस बरणी उघडली तर वासच नाही. आत पांढरं मलम नव्हतं, पाण्यासारखं काहीतरी लिबलिबीत होतं. हाताला थंड लागलं आणि बघता बघता सुकलं.

"हे कसलं?"

"नवीन आलंय. बिनवासाचं. चांगलं चोळ, मुरलं पाहिजे."

काकूंनी चांगलं चोळलं. रोज चोळलं. काकूंचं काम म्हणजे काम, त्यात हातचं राखून काही नाही. चोळून झालं की त्याच हातांनी पदर सावरायचा, तोंडावरून हात फिरवायचा, आणि कामाला लागायचं.

काकांना दोन-तीन आठवडे खरंच जोर आल्यासारखा झाला. मग पुन्हा तेच. घोरणं तर वाढलं. आणि काकूंनाच काहीतरी व्हायला लागलं. आधी गालांवर पुटकुळ्या आल्या, शाळकरी पोरीसारख्या. मग डोक्यावरचे केस फणीत यायला लागले, आणि डोक्यावरून गेलेले केस जणू हनुवटीवर येऊन बसले. चांगले काळे, राठ. रोज सकाळी दिवा लावून त्या देवाचं म्हणायच्या, तर आवाज घशात घासायला लागला. वरचा सूर लागेना. आपलंच स्तोत्र आपल्याला कुणा बुवांनी म्हटल्यासारखं ऐकू येतंय, हे काही त्यांना सोसेना.

लेक दुसऱ्या गावी होती. फोनवर म्हणाली, "आई, सर्दी झालीय का? मला वाटलं बाबाच बोलतायत."

"वय झालं माझं."

"वयानं मिशा येतात का गं? डॉक्टरकडे जा."

गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. बाईंनी तपासलं, रक्त काढून घेतलं, आणि दोन दिवसांनी अहवाल समोर धरून चष्मा कपाळावर ढकलला.

"काकू, तुमच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन खूप जास्त आहे. पुरुषांचं हार्मोन म्हणतात ते. बाईच्या अंगात थोडं असतंच, पण एवढं नाही. कुठल्या गोळ्या घेता?"

"नाही हो."

"घरात कुणी काही जेल, क्रीम अंगाला लावतं?"

"नाही. म्हणजे ह्यांच्या खांद्याचं मलम तेवढं. तेही मीच लावते."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ते मलम घेऊन या," म्हणाल्या.

काकू तडक घरी आल्या. काका दुकानात एका गादीला टाके घालत बसले होते. काकूंनी वरच्या घरातून निळी बरणी आणली आणि त्यांच्या समोर आदळली.

"हे काय आहे?"

"मलम."

"कसलं?"

काकांनी सुई गादीत टोचून ठेवली. "खांद्याचं."

"अहो!"

"म्हणजे... खांद्यावर लावायचं."

मग हळूहळू, गाठीतून दोरा सोडवावा तसं सगळं बाहेर आलं. व्यायामशाळेत एका संध्याकाळी रक्ततपासणी होती. पैलवान म्हणाला, काका, करून टाका. त्या पुरुषांच्या हार्मोनचा आकडा कमी आला. पैलवान म्हणाला, टाकी रिकामी झालीय, वरून भरायला लागेल. त्यानंच कुठून तरी त्या हार्मोनच्या जेलच्या नळ्या आणून दिल्या. नळी बघून काकू विचारतील म्हणून काकांनी ती मलमाच्या रिकाम्या बरणीत पिळून ठेवली. आणि चोळायचं तर मागच्या खांद्याला त्यांचा स्वतःचा हात पोचत नव्हता.

काकू कपाळाला हात लावून समोरच्या गाद्यांच्या थप्पीवर बसल्या.

"म्हणजे तुमचं पुरुषत्व मी रोज सकाळी दोन्ही हातांनी चोळत होते," त्या म्हणाल्या, "आणि उगवत होतं माझ्या हनुवटीवर!"

"हळू बोल. काच आहे."

"काच आहे ते दुपारी घोरताना नाही आठवत?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी काकांना हाताला धरून नेलं. खरोखर हाताला धरून, रस्ता बघत होता तरी. डॉक्टरीणबाईंनी काकांचा रक्तदाब घेतला, रक्त काढून तिथल्या तिथे तपासायला दिलं, अहवाल येताच दोघांना समोर बसवलं आणि आधी बरणी कचऱ्यात टाकली.

"काकू, आता हे बंद झालं की पुटकुळ्या जातील, केसांची वाढही बरीचशी मंदावेल. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. थोडा जाड राहील कदाचित."

काकूंना देवापुढचा वरचा सूर आठवला. काकांनी खाली बघितलं.

"आणि तुम्ही, काका. ही तपासणी संध्याकाळी करून घेतलीत? ती सकाळी करायची असते. एकदा कमी आली तर दुसऱ्या सकाळी पुन्हा करायची असते. आणि तरी कमी आली तर आधी विचारायचं, का कमी आहे? वय वाढतं तसं ते हळूहळू उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पोट सुटलं, साखर वाढली, झोप नीट नाही, की आणखी उतरतं. वरून ओतत बसलं की शरीर आपलं आपण करायचं सोडून देतं. तुमचं रक्त घट्ट झालंय. रक्तदाब चढलाय. काकू, हे घोरतात?"

काकू जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. सासऱ्यांपासून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही.

"झोपेची तपासणी करायला हवी," शेवटी त्या म्हणाल्या. "झोपेत श्वास बंद पडत असेल तर रात्रभर हृदयाला दम लागतो. तेच पुरुषांना आतून पोखरतं. साखर, हृदय, ताकद, सगळ्यावर येतं ते. तपासणीत निघालं तर नाकावर मास्क लावून झोपायचं एक यंत्र मिळतं."

"मास्क?" इतका वेळ गरीब गायीसारखे बसलेले काका एकदम ताठ झाले. "बाई, मी गादीवाला आहे. माझ्या दुकानात लोक झोप घ्यायला येतात. मीच नाकाला नळी लावून झोपतो हे कळलं तर कोण येईल?"

"तुम्ही असलात तर येतील ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण काका ऐकणाऱ्यातले नव्हते. बरणी गेली तसे ते आणखी मरगळले, तोंड पाडून बसायला लागले. काकूंनी सगळे उपाय केले. लेकीकडून फोनवर समजावलं, तर म्हणाले, "झोपेची परीक्षा? या वयात नापास व्हायला जाऊ?" मोबाईलवर त्यांचं घोरणं घेऊन ऐकवलं, तर म्हणाले, "हा आवाज माझा कशावरून? रस्त्यावर खडी टाकतायत." काकूंनी बोलणं सोडलं, तर त्यांना ते बरंच वाटलं. शेवटी काकूंनी देवापुढेच गाऱ्हाणं घातलं, त्या नव्या जाड आवाजात: या माणसाला माझं तर काही पटत नाही, आता तूच कुणाकडून तरी पटवून दे.

देवानं बसचा ड्रायव्हर पाठवला.

ड्रायव्हर आणि त्याची बायको गादी बघायला आले होते. आडव्या हाडाचा, जाड मानेचा माणूस, डोळे लाल. बायको म्हणाली, "ह्यांना झोपच लागत नाही नीट. सकाळी उठतात ते चिडलेले. चांगली जाड गादी दाखवा."

"गादी बसली असणार तुमची," काका उत्साहानं म्हणाले. "पाठ टेका. पाठ टेकल्याशिवाय बोलायचं नाही."

ड्रायव्हरनं चपला काढल्या, आडवा झाला, डोळे मिटले. दुसऱ्या कुशीवर वळायची वेळ आलीच नाही. काका फोम आणि कापसातला फरक सांगत होते तोवर तो घोरायला लागला. बायको लाजली. "बघा ना, कुठेही झोपतात. आणि म्हणतात झोप लागत नाही."

"गादी आवडली याचा अर्थ," काका हसून म्हणाले.

घोरणं चढत गेलं. चढत गेलं आणि तुटलं.

काका बोलता बोलता थांबले. ड्रायव्हरची छाती धडपडत होती, पोट आत-बाहेर होत होतं, पण आवाज नव्हता, वारा नव्हता. ओठ काळपट दिसायला लागले. काकांच्या हातातली मोजपट्टी खाली पडली.

"अगं! अगं, बघ ह्यांना! श्वास नाही!" ते गुडघ्यांवर बसले आणि ड्रायव्हरचा खांदा गदागदा हलवायला धावले.

"थांबा," काकू मशीनवरून म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, आपला आवाज इतका शांत कसा. "येईल आता."

"येईल काय! मरतोय माणूस!"

"येईल. कान द्या."

आणि बुडणारा माणूस वर यावा तसा हुंदका देऊन ड्रायव्हर पुन्हा घोरायला लागला. काका तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. कपाळावर घाम. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "असंच करतात हो रोज," अगदी सहज, भाजी महाग झाली म्हणावं तसं.

काकांनी काकूंकडे बघितलं.

"मी... असाच?"

"अगदी."

"रोज?"

"रोज. कधी कधी याच्यापेक्षा लांब."

"आणि तू काय करतेस?"

"काय करणार? वाट बघते."

काकांनी ड्रायव्हरला हलक्या हातानं उठवलं, पाणी दिलं. त्याच्या बायकोला म्हणाले, "ताई, गादी आज घेऊ नका. आधी ह्यांना डॉक्टरकडे न्या. हे बस चालवतात ना? मग आजच न्या. गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाई आहेत." थोडं थांबून, चपला शोधत ते म्हणाले, "चला, मलाही तिकडेच जायचंय."

तपासणी झाली. श्वास बंद पडतो हे यंत्रानंही सांगितलं. काकूंना त्यासाठी यंत्र लागलं नव्हतं, पण असो. मास्क आला. पहिले आठ-दहा दिवस काकांनी घर डोक्यावर घेतलं. पट्टा गालाला काचतो, नाक कोरडं पडतं, हत्तीसारखं दिसतं. मग त्यांनी पट्टा उचलून दुकानात नेला, मऊ कापसाची बारीक गादी करून त्याला आतून शिवली आणि आपणच शोध लावल्यासारखे सगळ्यांना दाखवत सुटले. रस्ताभर बोभाटा झाला. ज्या गोष्टीनं दुकानाला कुलूप लागणार होतं, ती आता गादीवाल्याचं नवं कौतुक होती.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी सकाळी, उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं. आकडा वर आला होता. फार नाही, पण आपणहून. रक्तही पातळ होत होतं. "पोट अजून आहे," बाई म्हणाल्या. काका आता दुकान उघडण्याआधी चालून येतात आणि येताना पैलवानाच्या दारावरून मान वळवून जातात. जोर आला की नाही ते काकू कुणाला सांगणार नाहीत. पलंगावरचा फोम मात्र निघाला, काथ्या निघाला, आणि स्टूल दुकानात परत गेलं.

काकूंची सकाळची प्रार्थना आता जरा खालच्या सुरात असते. देवाची काही तक्रार आलेली नाही.

तक्रार काकूंचीच आहे. परवा दुपारी एक गादी पोचवायची होती. काकूंनी खोळ शिवली, गोठ मारला, काकांनी भरली, टाके घातले. गिऱ्हाईक दारात उभं. काका नियमाप्रमाणे आडवे झाले. काकूंचा पाय पायटीवर आपोआप थांबला, कान लागले. पण काका झोपलेच नाहीत. टक्क डोळ्यांनी छताकडे बघत, पाठ इकडून तिकडे सरकवत राहिले. मग उठून बसले.

"इथे गोठ ओढला गेलाय."

"कुठे?"

"डाव्या बाजूला. पाठीला लागतोय. उसव सगळा."

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे!"

"उभं राहू दे. उसव."

"झोपला होतात तेच बरं होतं," काकू तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. मग जीभ चावली, मनातल्या मनात देवाची माफी मागितली, आणि कात्री घेतली.